न थांबता बदल : चालत्या सर्व्हरमधला जावा कोड बदलण्याचा इतिहास



रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. रात्री पावणेबारा वाजता आरक्षण बंद होतं आणि बारा वाजून वीस मिनिटांनी पुन्हा सुरू होतं. इंदूरहून पुण्याला जायचं असो की बेळगावहून मुंबईला, त्या ३५ मिनिटांत तिकीट मिळत नाही. आपण फारशी कुरकुर करत नाही, कारण वेळ ठरलेली आहे आणि ती रात्रीची आहे. पण हीच ३५ मिनिटं सकाळी दहाला, तत्काळचं आरक्षण उघडतानाच आली तर काय होईल ते सांगायला नको.

यंत्रणा थांबवायची नाही, पण तिच्या आतला प्रोग्राम तर बदलायचा आहे. या पेचातून माणसांनी कसकशा वाटा काढल्या, तो आजच्या भागाचा विषय आहे. आणि त्यातही मुख्यतः जावा या भाषेची गोष्ट, कारण बँका, विमा कंपन्या, सरकारी सेवा आणि दुकानदारी यांचे असंख्य सर्व्हर आज या भाषेवर चालतात. आमच्या बंगळुरूत तर हजारो घरांच्या चुली तिच्यावर पेटतात.

मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. माझी नोकरी फौजेत, सिग्नल्समध्ये झाली. निवृत्तीनंतर काही वर्षं इथल्या एका कंपनीच्या डेटा सेंटरची व्यवस्था पाहिली. तिथल्या तरुण मुलामुलींकडून हा विषय समजून घेताना सारखं वाटायचं, की हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

परवलीचा शब्द

छावणीत रात्रीचा परवलीचा शब्द असतो. पहारेकरी हटकतो, येणारा शब्द सांगतो, मग आत सोडतात. समजा मध्यरात्री तो शब्द बदलायचा ठरलं. पहारेकऱ्याला नवा आदेश देणं हे दोन मिनिटांचं काम आहे. पण संध्याकाळी सातला गस्तीवर गेलेली तुकडी जुना शब्द घेऊन पहाटे चारला परत येणार आहे. तिचं काय करायचं?

या एका उदाहरणात आजचा सगळा विषय आला. आदेश बदलणं सोपं असतं. जुन्या आदेशावर आधीच सुरू झालेलं काम आणि त्या कामाची जमलेली कागदपत्रं यांचं काय करायचं, तिथं घोडं अडतं. संगणकाच्या भाषेत आदेश म्हणजे कोड, आणि जमलेली कागदपत्रं म्हणजे सर्व्हरच्या मेमरीतली माहिती : कुणाचं लॉगिन झालं आहे, कुणाच्या खरेदीच्या टोपलीत काय आहे, कुणाचे पैसे खात्यातून निघालेत पण पोचलेले नाहीत. सर्व्हर बंद करून चालू केला, म्हणजे रीस्टार्ट केला, की नवा कोड येतो; पण मेमरीतलं सगळं पुसलं जातं. शिवाय मोठा जावा सर्व्हर उभा राहायला कित्येक मिनिटं घेतो. हजारो क्लास वाचायचे, डेटाबेसशी जोडणी करायची, लागणारी माहिती पुन्हा भरून घ्यायची, तेव्हा कुठं तो ग्राहकांसमोर उभा राहतो.

आधी टेलिफोनवाले

हा प्रश्न पहिल्यांदा गळ्याशी आला तो टेलिफोनवाल्यांच्या. १९६५ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सक्कासुना या गावी बेल कंपनीचं प्रोग्रामवर चालणारं एक्स्चेंज सुरू झालं. त्याच्या रचनाकारांपुढं ठेवलेलं उद्दिष्ट असं होतं, की ४० वर्षांत मिळून फार तर २ तास ते बंद पडावं. त्यासाठी त्यांनी सगळं जोडीनं ठेवलं : दोन प्रोसेसर, प्रोग्रामच्या दोन प्रती. प्रोग्राम ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर बारीक चुंबकांच्या रूपात लिहिलेला असे, आणि तो बदलायचा म्हणजे पत्रे बदलायचे. एक प्रत काम करते तोवर दुसरी बदलून घ्यायची, अशी सोय जोडीमुळं झाली.

स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८६ च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी एर्लांग ही भाषा घडवायला घेतली. तिच्या मुळातच ही अट होती, की फोन चालू असताना प्रोग्राम बदलता आला पाहिजे. तिथं परवलीच्या शब्दाचा प्रश्न असा सोडवला आहे : एका वेळी प्रोग्रामच्या एका भागाच्या दोन आवृत्त्या मेमरीत राहू शकतात, एक चालू आणि एक जुनी. जुन्या आवृत्तीवर सुरू झालेलं काम जुन्यावर पुरं होतं, नवं काम नव्यावर सुरू होतं. मात्र तिसरी आवृत्ती आली, की सर्वांत जुनीवर अजून रेंगाळणारं काम बंद पाडलं जातं. म्हणजे गस्तीच्या तुकडीला जुन्या शब्दावर आत घ्यायचं, पण फक्त एकच शब्द मागं. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. त्यात सवलत आहे आणि सवलतीला मर्यादाही आहे. पुढं व्हॉट्सॲपनं आपले सर्व्हर याच भाषेत उभारले, म्हणजे आपण रोज सकाळी पाठवतो ते फुलांचे फोटोसुद्धा या नियमाच्या छायेतून जातात.

त्याच १९८६ साली आपल्याकडं काय चाललं होतं? ऑगस्ट १९८४ मध्ये सरकारनं सी-डॉट ही संस्था स्थापन केली. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये, एवढ्यात भारतीय डिजिटल एक्स्चेंज करून दाखवायचं होतं. सॅम पित्रोदा पुढं होते, आणि काम दिल्ली व बंगळुरूत विभागलेलं होतं. जुलै १९८६ मध्ये सी-डॉटचं १२८ लाइनचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज बसलं ते कित्तूरला. बेळगाव जिल्ह्यातलं, राणी चन्नम्मांचं कित्तूर. वातानुकूलन नसलेल्या खोलीत, धुळीत आणि उन्हाळ्यात हे एक्स्चेंज चालायला हवं होतं, आणि दुरुस्तीला माणूस लगेच पोचेल अशी खात्री नव्हती. म्हणून सी-डॉटच्या यंत्रांतही महत्त्वाची कार्डं जोडीनं ठेवली गेली : एक कामावर, दुसरं तयारीत. गावातला एकुलता एक फोन म्हणजे दवाखाना, पोलीस ठाणं आणि मुंबईला गेलेला मुलगा हे सगळं एकाच तारेवर. तिथं ‘जरा थांबा, अपडेट चालू आहे’ म्हणायची सोय नव्हती.

जावा आली ती बाहेरून कोड घेतच

जावाची सुरुवात सन मायक्रोसिस्टिम्समध्ये १९९१ मध्ये झाली. जेम्स गॉस्लिंग यांनी तिला आधी ओक हे नाव दिलं होतं. २३ मे १९९५ रोजी ती जगापुढं आली. तिचं सुरुवातीचं आकर्षण होतं ॲप्लेट : ब्राउझरमध्ये पान उघडलं, की छोटा प्रोग्राम दूरच्या संगणकावरून उतरून तिथंच चालायला लागायचा. म्हणजे प्रोग्राम चालू असताना त्यात नवा कोड आणणं ही गोष्ट जावात पहिल्या दिवसापासून आहे. हे काम करणाऱ्या भागाला क्लासलोडर म्हणतात. जावाचा प्रोग्राम क्लास नावाच्या तुकड्यांचा बनलेला असतो, आणि क्लासलोडर ते तुकडे गरजेनुसार उचलून आणतो.

त्यात एक खुबी आहे. जावाच्या लेखी क्लासची ओळख नुसत्या नावावर नसते. नाव आणि त्याला आणणारा लोडर अशी दोन्ही मिळून असते. पलटणीत शिंदे नावाचे चार जवान असतात, म्हणून नावासोबत नंबर लागतो, तसं. त्यामुळं जुना लोडर टाकून नवा लोडर आणला, तर त्याच नावाचा सुधारलेला क्लास आत येऊ शकतो. सनमधल्या शेंग लियांग आणि गिलाड ब्राखा यांनी १९९८ मध्ये या यंत्रणेवर लिहिलेला निबंध आजही वाचला जातो.

सर्व्हरवाल्यांनी ही खुबी लगेच उचलली. १९९९ मध्ये सननं आपला सर्व्हलेट सर्व्हर अपाची संस्थेला दिला, त्याचा टॉमकॅट झाला. टॉमकॅट प्रत्येक वेब ॲप्लिकेशनला वेगळा क्लासलोडर देतो. फाइल बदलली, की तेवढ्या ॲप्लिकेशनचा लोडर फेकायचा, नवा आणायचा. बाकीचा सर्व्हर चालूच. त्याच वर्षी आलेल्या जेएसपी या पद्धतीत तर पान बदलून जतन केलं, की पुढच्या वेळी ते मागवताच आपोआप नव्यानं तयार होई. बंगळुरूत, पुण्यात, हैदराबादेत तेव्हा या धंद्यात आलेल्या पिढीला ती जादूच वाटली होती.

जादूला दोन फटी होत्या. पहिली : जुन्या लोडरच्या शिंदेला नव्या लोडरवाले शिंदे मानत नसत. ‘अमुक क्लास हा अमुक क्लास नाही’, दोन्हीकडं तेच नाव, असा संदेश पडद्यावर यायचा आणि नवखा मुलगा डोकं धरून बसायचा. दुसरी फट अधिक त्रासाची. पलटण एका ठाण्यावरून हलते तेव्हा प्रत्येक खात्याकडून ‘काही देणं नाही’ असा दाखला लागतो. एका जवानाच्या नावावर एक घोंगडी निघाली, तरी कागद अडतो. तसंच जुन्या लोडरमधल्या एका क्लासकडं कुणी एखादा धागा धरून राहिला, तरी तो आख्खा लोडर आणि त्याचे सगळे क्लास मेमरीतून हलत नसत. पाच-सात वेळा ॲप्लिकेशन बदललं, की मेमरीचा पर्मजेन नावाचा ठरावीक आकाराचा कप्पा भरायचा आणि सर्व्हर कोसळायचा. रीस्टार्ट टाळायला काढलेली वाट शेवटी रीस्टार्टलाच येऊन मिळायची. मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ नं तो कप्पा काढून मेटास्पेस आणला, त्यानं ताण हलका झाला. पण घोंगडीचा नियम तोच राहिला.

२००२ : हॉटस्वॅप

आता दुसरी वाट. लोडर फेकायचाच नाही. चालू क्लासच्या आत हात घालून त्यातला मजकूर बदलायचा. मिखाईल दिमित्रिएव्ह यांनी ग्लासगो विद्यापीठात आणि सनमध्ये यावर काम केलं, आणि फेब्रुवारी २००२ मध्ये आलेल्या जावा १.४ मध्ये ही सोय झाली. तिचं नाव हॉटस्वॅप. प्रोग्रामर चुका शोधण्यासाठी प्रोग्राम मध्येच अडवून ठेवतो, कोड दुरुस्त करतो, आणि तो प्रोग्राम न थांबवता पुढं चालू करतो. २००४ च्या जावा ५ मध्ये हेच काम करणारा एजंट नावाचा मदतनीस प्रोग्राम सर्व्हरसोबत लावता येऊ लागला, आणि २००६ च्या जावा ६ मध्ये तो आधीच चालू असलेल्या सर्व्हरलाही बाहेरून जोडता येऊ लागला.

पण हॉटस्वॅपला एक कडक मर्यादा आहे. ती समजली, की विषयाचं मर्म समजतं.

एखादं कार्यालय डोळ्यांपुढं आणा. भिंतीवर कामाचे स्थायी आदेश लावलेले आहेत, आणि कपाटात भरलेल्या रजिस्टरांची चळत आहे. जावाचा क्लास म्हणजे या दोन्हींचा नमुना : कोणत्या कामात काय करायचं ते आदेश, म्हणजे मेथड, आणि रजिस्टरात कोणते रकाने असावेत, म्हणजे फील्ड. हॉटस्वॅप आदेशाचा मजकूर बदलू देतो. नवा आदेश जोडू देत नाही, जुना काढू देत नाही, आणि रजिस्टरच्या रकान्यांना हात लावू देत नाही.

कारण उघड आहे. आदेशाचा कागद भिंतीवर एकच असतो. भरलेली रजिस्टरं मात्र लाखो असतात आणि मेमरीत एकाला एक चिकटून रचलेली असतात. ‘जन्मतारीख’ असा एक रकाना वाढवायचा, तर प्रत्येक रजिस्टर उसवून पुन्हा शिवावं लागेल. बरं, शिवलं, तर जुन्या माणसांची जन्मतारीख भरणार कोण? ती कधी विचारलेलीच नव्हती.

गस्तीची तुकडी इथंही आहे. ज्या मेथडचं काम मध्यावर आहे, ती जुन्या मजकुरानंच पूर्ण होते. पुढच्या वेळी बोलावली, की नवा मजकूर लागू. म्हणजे एखादी मेथड न संपणाऱ्या फेऱ्यात फिरत असेल, तर तिच्यापर्यंत नवा आदेश कधीच पोचत नाही.

एस्टोनियाचे बंडखोर

रकाने बदलायला मिळत नाहीत ही अडचण प्रोग्रामरना रोज बोचत होती. एक ओळ बदलायची, सर्व्हर रीस्टार्ट करायचा, चहा घ्यायचा, परत येऊन लॉगिन करून त्याच पानावर जायचं. दिवसातून वीस वेळा. एस्टोनियातल्या तार्तू या विद्यापीठाच्या गावातून झीरोटर्नअराउंड ही कंपनी पुढं आली आणि येव्हगेनी कबानोव्ह यांच्या नेतृत्वाखाली २००७ मध्ये तिनं जावारिबेल बाजारात आणलं. पुढं त्याचं नाव जेरिबेल झालं. जावाचं यंत्र रजिस्टर उसवू देत नाही ना, मग मूळ रजिस्टर तसंच ठेवून शेजारी पुरवणी लावायची आणि चौकशीला येणाऱ्याला अलगद पुरवणीकडं वळवायचं, अशा स्वरूपाची ती युक्ती होती.

ऑस्ट्रियात लिंझच्या विद्यापीठात थॉमस व्युर्टिंगर यांनी २०१० च्या सुमारास सरळ यंत्रालाच हात घातला. जावा मधूनमधून मेमरीतला कचरा काढायला सगळं थांबवून झाडझूड करतेच. त्याच झाडझुडीत प्रत्येक जुनं रजिस्टर नव्या आकारात उतरवून घ्यायचं. त्यांचं हे डीसीईव्हीएम आज जेटब्रेन्स कंपनीच्या जावात मिळतं. पण मूळ जावात ते आलं नाही. नव्या रकान्यात भरायला त्याच्याकडं तरी काय असणार? आकडा असेल तर शून्य, नाहीतर रिकामं. प्रोग्रामरच्या टेबलावर ते चालून जातं. एखाद्याच्या कर्जखात्याच्या नव्या रकान्यात शून्य पडलं तर बँकेत ते कसं चालेल?

म्हणून ही सगळी साधनं प्रोग्रामरच्या टेबलावर रुजली. २०१५ मध्ये स्प्रिंग बूटनं डेव्हटूल्स आणले, २०१९ मध्ये क्वार्कस आलं. कोड जतन केला, की क्षणात बदल पडद्यावर. खऱ्या ग्राहकांच्या सर्व्हरवर मात्र वेगळी वाट चालू राहिली.

पहारा बदलण्याची वाट

ती वाट फौजेत सर्वांना पाठ आहे. नवा पहारेकरी जागेवर येऊन उभा राहतो, जुना त्याला सगळं सोपवतो, आणि मगच जुना हलतो. उंचावरच्या ठाण्यावर तर आख्खी पलटण बदलताना नवी तुकडी काही दिवस जुनीबरोबर राहते, तिच्यासोबत गस्त घालते. ठाणं क्षणभरही रिकामं नसतं.

सर्व्हर स्वस्त झाले तसं संगणकवाल्यांनी हेच केलं. एकाऐवजी दहा सर्व्हर ठेवायचे, समोर वाटाड्या बसवायचा. वाटाड्या एका सर्व्हरकडं नवीन माणसं पाठवणं थांबवतो; आतलं काम संपलं, की तो बंद, नवा कोड, पुन्हा चालू; मग दुसरा, मग तिसरा. २०१४ मध्ये गूगलनं जाहीर केलेल्या कुबरनेटीसमध्ये ही पद्धत तयारच मिळते. बंगळुरूत सेवा चालवणारे आज बहुतेक याच वाटेनं जातात. प्रत्येक सर्व्हर रीस्टार्ट होतो. सेवा मात्र थांबत नाही.

या वाटेची मेख वेगळी आहे. काही काळ जुने आणि नवे शेजारी शेजारी काम करतात, आणि दोघांना एकमेकांचं लिहिलेलं वाचता आलं पाहिजे. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नाइट कॅपिटल या दलालीच्या कंपनीनं याची किंमत मोजली. ८ सर्व्हरांवर नवा कोड चढवायचा होता. तो ७ वरच चढला. नव्या कोडमध्ये एका खुणेला नवा अर्थ दिला होता, आणि आठव्या सर्व्हरवर त्याच खुणेचा वर्षांपूर्वी वापरातून गेलेला अर्थ जिवंत होता. परवलीचा शब्द एकच, पण दोन पहारेकऱ्यांनी त्याचे दोन अर्थ लावले. बाजार उघडताच आठव्या सर्व्हरनं खरेदी-विक्रीचा सपाटा लावला. घाईत माणसांनी उरलेल्या ७ सर्व्हरांवरचा नवा कोडच काढून टाकला, त्यामुळं सगळेच जुना अर्थ लावू लागले. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं, आणि कंपनीचं स्वतंत्र अस्तित्व पुढं टिकलं नाही.

डिसेंबर २०२१

आता या इतिहासातला सर्वांत कसोटीचा प्रसंग. जावाच्या सर्व्हरमध्ये घडामोडींची नोंदवही ठेवणारी लॉगफोरजे नावाची तयार लायब्ररी असते. जगभर ती वापरली जाते. अलीबाबाच्या सुरक्षा विभागातल्या अभियंत्यानं नोव्हेंबर २०२१ मध्ये तिच्यातलं भोक अपाचीला कळवलं, आणि ९-१० डिसेंबरला ते जगजाहीर झालं. त्याचं नाव पडलं लॉगफोरशेल. नोंदवहीत एक विशिष्ट ओळ लिहिली गेली, की लायब्ररी ती नुसती नोंदवत नसे. त्यात दिलेल्या पत्त्यावर जाऊन बाहेरचा कोड आणून चालवत असे. आणि ती ओळ लिहवून घेणं किती सोपं? लॉगिनच्या चौकटीत नावाच्या जागी ती टाइप केली तरी पुरे. धोक्याच्या मोजपट्टीवर याला १० पैकी १० गुण मिळाले.

तो शुक्रवार मला आठवतो. मी ज्या डेटा सेंटरवर होतो तिथं रात्रभर एकच काम चाललं : कोणत्या सर्व्हरवर ही लायब्ररी आहे याची यादी, आणि यादीपुढं दोन खुणा, आत्ता थांबवता येईल, आत्ता थांबवता येणार नाही. दुसऱ्या खुणेचे रकाने भरत गेले तसा खोलीतला आवाज कमी होत गेला. नवी दुरुस्त लायब्ररी मिळत होती, पण ती चढवायला रीस्टार्ट हवा. शिवाय पहिली दुरुस्ती अपुरी निघाली. डिसेंबर संपेपर्यंत एकामागून एक चार आवृत्त्या आल्या. म्हणजे थांबवायचं ते एकदा नव्हे.

तेव्हा ॲमेझॉनच्या जावा चमूनं २००२ आणि २००६ च्या त्या दोन सोयी बाहेर काढल्या. दोन-तीन दिवसांत त्यांनी एक छोटा एजंट सर्वांना खुला केला. तो चालू सर्व्हरला बाहेरून जोडला जायचा, बाहेरच्या पत्त्यावर जाणारी ती एक मेथड शोधायचा, आणि तिचा मजकूर बदलून टाकायचा : कुठंही जाऊ नकोस, एवढं ठरावीक वाक्य परत दे. नवा रकाना नको, नवी मेथड नको. एका आदेशाचा मजकूर फक्त. हॉटस्वॅपची मर्यादा कुरकुर करण्याजोगी वाटत होती, पण या कामाला ती बरोबर पुरली. भोक बुजलं, आणि सर्व्हर थांबला नाही.

मात्र पुढचाही भाग सांगितला पाहिजे. हा बदल फक्त मेमरीत होता, डिस्कवरची फाइल जुनीच होती. सर्व्हर कोणत्याही कारणानं रीस्टार्ट झाला, की भोक पुन्हा उघडं. म्हणून ॲमेझॉननं एक पहारेकरी प्रोग्राम दिला, जो नवा जावा सर्व्हर दिसला की त्याला लगेच हा बदल लावायचा. आणि एप्रिल २०२२ मध्ये पालो अल्टो नेटवर्क्सच्या संशोधकांनी दाखवलं, की त्या पहारेकऱ्यातच खोट आहे. जावा नावाचं जे दिसेल त्याला तो मोठ्या अधिकारानं चालवत होता. कुणी ‘जावा’ असं नाव घेऊन भलताच प्रोग्राम ठेवला, तर तोही. ॲमेझॉननं दुरुस्ती दिली. पण चालत्या यंत्रात बाहेरून हात घालायला दार ठेवलं, की त्या दारावरही पहारा लागतो, हे सर्वांच्या ध्यानात आलं. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ पासून, चालू सर्व्हरला असा एजंट बाहेरून जोडला, की जावा स्वतःच इशारा छापते. पुढं कधीतरी हे दार आपोआप उघडं ठेवायचं नाही, असा जावाकर्त्यांचा मनसुबा आहे.

मग धडा काय?

सक्कासुना आणि कित्तूरपासून इथपर्यंत आल्यावर मला तीन गोष्टी स्पष्ट दिसतात.

एक, चालत्या यंत्रात बदल करायचा तर तो लहानात लहान असावा. आदेशाचा मजकूर बदलता येतो. आठवणी बदलायला गेलात, की रकान्यांत शून्य भरू लागतात.

दोन, जुनं आणि नवं काही काळ सोबत राहणारच. ते नाकारण्यापेक्षा एर्लांगसारखं मोजून मान्य करावं : एकच शब्द मागं, त्याहून नाही.

तीन, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रीस्टार्ट ही नुसती अडचण नाही, ती परीक्षाही आहे. वर्षानुवर्षं न थांबलेला आणि आतल्या आत ठिगळं लावलेला सर्व्हर बंद पडला, तर पुन्हा उभा राहील की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. डिस्कवर लिहिलेलं एक आणि मेमरीत चाललेलं दुसरं, अशी त्याची गत झालेली असते. त्यामुळं जो सर्व्हर आपण ठरवून, दिवसाढवळ्या, एक-एक करून थांबवू शकतो, तोच संकटाच्या रात्री भरवशाचा. डिसेंबरच्या त्या यादीत ‘थांबवता येईल’ अशी खूण ज्यांच्यापुढं होती, ते सर्व्हर पहाटेपर्यंत नव्या लायब्ररीवर उभे होते. ठिगळ लागलं ते उरलेल्यांना.

तुमच्या घरातली सून किंवा मुलगा रात्री अकराला लॅपटॉप उघडून ‘आज रिलीज आहे’ म्हणाला, तर त्यामागं हा साठ वर्षांचा इतिहास आहे. जमलं तर एवढंच विचारा, की तुमचे सर्व्हर शेवटचे कधी बंद करून चालू केले होते. उत्तर लगेच आलं तर निश्चिंत झोपा. उत्तर द्यायला वेळ लागला, तर त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवा, रात्र लांबणार आहे.

पुढच्या भागात सी-डॉटच्या त्या ३६ महिन्यांची गोष्ट सविस्तर पाहू. तोवर रजा घेतो. जय हिंद.